न मोजलेली उडी

हारतुऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. तरी गेली बावीस वर्षं मी अशाच ठिकाणी जाते आहे जिथे ते हमखास असतात. मी अ‍ॅथलेटिक्सची पंच आहे. सोमवार ते शुक्रवार केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून फायली पुढे सरकवायच्या, आणि शनिवार-रविवार कुठल्या तरी मैदानावर वाळूच्या खड्ड्याशेजारी उकिडवं बसायचं. लांब उडी किंवा तिहेरी उडी. खेळाडू वाळूत पडतो, उठून बाहेर जातो, आणि उड्डाणाच्या फळीला सगळ्यात जवळ जिथे वाळू मोडलेली असेल तिथे मी सळई रोवते. सळईच्या टोकाला आरसा असतो, त्याला प्रिझम म्हणतात. पलीकडून यंत्र त्यावर किरण टाकतं आणि आकडा येतो. यंत्र लाखांचं असलं तरी खूण माणसालाच शोधावी लागते, आणि सळई रोवली जाण्याआधी ती पुसली गेली तर ती उडी झालीच नाही असं समजायचं. नव्या पंचांना मी एकच वाक्य शिकवते: आधी खूण, मग जग.

बावीस वर्षांत माझ्या हातून एकही खूण हरवली नव्हती. हे मी अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही.

नोव्हेंबरात नोएडातल्या एका खासगी विद्यापीठाच्या मैदानावर विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. चौदा देशांची मुलं आली होती. दिवाळी संपून आठवडा झालेला, म्हणजे दिल्लीत श्वास घ्यायचा सगळ्यात वाईट आठवडा. तोंडात नाणं धरल्यासारखी चव दिवसभर. ही तारीख कोणी काढली असं विचारलं तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. मुलं खोकत धावत होती. मान्यवरांच्या तंबूत मात्र हवा शुद्ध करायची दोन यंत्रं लावली होती, उघड्या तंबूत. स्मृतिचिन्हांचे खोके धावपट्टीपर्यंत रचलेले, आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन दुपारी एकलाच संपलेले. स्कोअरबोर्डपेक्षा स्वागताध्यक्षांचा फोटो मोठा. हे सगळं मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी मला नव्याने शिसारी येते. माझा नवरा म्हणतो, तुला चांगलं काही दिसतच नाही. दिसतं, पण ते वाळूत असतं आणि कोणाचं तरी पाऊल त्याच्यावर पडायच्या आत बघावं लागतं.

माझा नवरा श्यामकांत आमच्या मयूर विहारच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी आहे. मंडळाला गेली सात वर्षं स्वतःच्या हॉलसाठी जागा हवी आहे. जागेची फाईल ज्या जॉइंट सेक्रेटरींच्या टेबलावरून जाणार ते योगायोगाने मराठी, आणि स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी तेच प्रमुख पाहुणे. हे कळल्यापासून आमच्या घरात चहाच्या प्रत्येक कपाबरोबर एकच विषय होता.

"वैजू, सहा पास मिळव ना. आत जायचे," श्यामकांत म्हणाला.

"कशाला? प्रेक्षकांत बसा."

"अगं, प्रेक्षकांतून सत्कार कसा करणार? दोन मिनिटांचं काम आहे. शाल, श्रीफळ, एक फोटो. शिवाय सुधन्वाची फायनल आहे. आपला मुलगा, आपले साहेब, एकाच फोटोत. विश्वनाथरावांची आयडिया आहे."

विश्वनाथराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. रेल्वेतून निवृत्त झाले, पण गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे अजून तेच ठरवतात. आणि सुधन्वा आमच्याच सोसायटीतला, स्वरूपाचा मुलगा, वय एकवीस. लहानपणी लिफ्ट बंद पडली की चार-चार पायऱ्या ओलांडत वर जायचा. मी रेफरींना आधीच सांगून ठेवलं होतं की हा माझा शेजारी आहे, मला दुसरीकडे द्या. ते रोहतकचे दहियासाहेब. ते हसून म्हणाले, "मॅडम, दिल्ली में सब किसी ना किसी के पड़ोसी हैं. आप पिट पर ही बैठिए."

मी कुरकुरत पास मिळवून दिले. पास माझ्या सहीने गेले, हे लक्षात ठेवा.

तिहेरी उडीत आधी लंगडी, मग एक ढांग आणि मग उडी. तिन्ही एका दमात, आणि फळीच्या पुढे बोटभरही पाय गेला तर सगळं फुकट. बारा मुलं होती. दोन फेऱ्यांतच कळलं की झुंज दोघांत आहे. एक सुधन्वा आणि दुसरा किरगिझस्तानचा आझमत. उंच, सडपातळ, बिश्केकला गुराढोरांचा डॉक्टर व्हायला शिकत होता. या स्पर्धेला पंचविशीची अट असते आणि त्याला पुढच्या महिन्यात पंचवीस पूर्ण होणार होती. विद्यार्थी म्हणून ही त्याची शेवटची फायनल. हे मला त्यानेच सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, बोटांवर वर्षं दाखवत.

त्याची एक सवय मला फार आवडली. उडी मारून झाली की बाकीची मुलं स्कोअरबोर्डाकडे बघतात. हा खड्ड्याच्या कडेला उभा राहून माझ्या सळईकडे बघायचा. सळई रुतली की मान हलवायचा आणि मग निघायचा. जणू आकडा काय येईल तो येवो, खूण बरोबर जागी धरली गेली एवढं त्याला पुरे होतं. बावीस वर्षांत माझ्या कामाकडे असं कोणी पाहिलं नव्हतं.

पाच फेऱ्यांनंतर सुधन्वा सोळा मीटर एकवीस सेंटिमीटरवर पहिला आणि आझमत सोळा शून्य आठवर दुसरा. शेवटच्या फेरीत आघाडीवरचा शेवटी येतो, म्हणून आधी आझमत, मग सुधन्वा. आघाडीच्या उडीची जागा कळावी म्हणून वाळूच्या कडेला पिवळी पट्टी ठेवलेली असते. ती सोळा एकवीसवर होती.

नेमकी तेव्हाच माईकवर गर्जना झाली. प्रमुख पाहुण्यांचं आगमन. तंबूतून लवाजमा निघाला तो थेट आमच्या खड्ड्याकडे. पुढे विश्वनाथराव, त्यांच्यामागे साहेब, साहेबांच्या मागे श्यामकांत शालीची पिशवी घेऊन, आणि आणखी सहा-सात जण ज्यांना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. खड्ड्यावर रोखलेला विद्यापीठाचा कॅमेरा होता, तो चालवणाऱ्याने गर्रकन साहेबांकडे वळवला. मी ओरडले, "पीछे रहिए, जंप चल रहा है." विश्वनाथरावांनी मला लांबूनच नमस्कार केला. काही माणसांना बोललेलं ऐकू येत नाही, फक्त आपल्याकडे बघून कोणीतरी तोंड हलवतंय एवढंच दिसतं.

आझमत धावला. त्या गर्दीचा, त्या माईकचा त्याच्यावर काहीही परिणाम झालेला नव्हता. फळी अचूक, लंगडी सपाट, ढांग लांब, आणि मग तो जो वर गेला तो उतरायलाच तयार नव्हता. वाळूत टाचा घुसल्या आणि तो पुढे फेकला गेला. फळीवरच्या पंचांनी पांढरं निशाण वर केलं, म्हणजे उडी वैध. उडी लांब गेली हे त्यालाही कळलं होतं. या एकाच वेळी तो सळईसाठी थांबला नाही. दोन्ही हात वर करून तो पळपट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या आपल्या कोचकडे धावला.

मी वाकले. टाचेची खूण स्वच्छ होती, वाटीने दाबल्यासारखी. पिवळ्या पट्टीच्या पुढे होती. चांगली चार बोटं पुढे. मी तिच्या अगदी वर होते, तिरकं बघण्याचा प्रश्नच नव्हता. सळई खाली आणली.

"वहिनी, जरा हा धरा."

विश्वनाथरावांनी माझ्यापुढे नारळ केला. त्यांना शालीची घडी उलगडायची होती आणि त्यासाठी हात मोकळे हवे होते. कुंकू लावलेला, शेंडी ठेवलेला नारळ. आता मी काय केलं ते नीट सांगते, कारण नंतर ते मी कोणालाच नीट सांगितलं नाही. मी सळई काखेत मारली आणि नारळ घेतला. दोन्ही हातांनी. नारळ एका हाताने घ्यायचा नाही, तो जमिनीवर ठेवायचा नाही, ही आईची शिकवण. डोक्याने विचार करायच्या आत हात पुढे गेले होते. आणखी लाज वाटायची गोष्ट म्हणजे मी तो कपाळालाही लावला.

फोटोवाला म्हणाला, "सर, थोडा पीछे."

साहेब मागे सरले. काळे चकचकीत बूट वाळूत घोट्यापर्यंत गेले आणि ते डुगडुगले. त्यांना सावरायला श्यामकांत वाळूत उतरला, श्यामकांतच्या मागे आणखी दोघे. हसणं झालं. साहेब म्हणाले, "अरे, मीच उडी मारली की." सगळे पुन्हा हसले. शाल घातली गेली, फोटो निघाला. मी काठावर नारळ घेऊन उभी. टाचेची खूण होती तिथे आता चौकोनी टोकाच्या बुटांची रांगोळी होती.

यंत्रावर बसलेल्या क्षिप्राने आवाज दिला, "मॅडम, प्रिझम दिसत नाहीये मला."

दिसणार कसा? तो माझ्या काखेत होता.

दहियासाहेब धावत आले. पाठोपाठ आझमत आणि त्याचा कोच. आझमतच्या पोटऱ्यांना वाळू चिकटलेली होती आणि तो अजून हसत होता. मग त्याने खड्ड्याकडे पाहिलं.

"मॅडम, मार्क?" दहियासाहेबांनी विचारलं.

"सर, मिट गया."

"पिन नहीं लगाई थी?"

"लगा ही रही थी, ये लोग आ गए."

"आपने देखा था? लाईन के आगे था कि पीछे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आझमत पिवळ्या पट्टीकडे बोट दाखवून विचारत होता, "आफ्टर? मॅडम, आफ्टर?" फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. खूण इतकी स्पष्ट पाहिलीत तर सळई का रोवली नाहीत? आणि त्याचं उत्तर माझ्या दोन्ही हातांत होतं, शेंडीसकट.

"ठीक से नहीं देख पाई," मी म्हणाले.

मनात लगेच समजूत तयार झाली. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलं नियमात धरत नाहीतच, मग सांगून काय उपयोग? ही समजूत खरी होती म्हणून तर जास्त किळसवाणी.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. मोजता न आलेल्या उडीच्या बदली खेळाडूला पुन्हा एक उडी मिळते. दहियासाहेबांनी आझमतला पंधरा मिनिटं विश्रांती दिली. पण तशी उडी माणूस एका दुपारी दोनदा मारत नाही. जे होतं ते त्याने आधीच्या उडीत ओतलं होतं. बदलीची उडी पंधरा मीटर चौऱ्याहत्तर. त्या वेळी तो कडेला थांबला आणि त्याने माझी सळई रुतताना पाहिली. मी या वेळी फार व्यवस्थित रोवली. त्याने मान हलवली नाही.

सुधन्वाची शेवटची उडी राहिली होती. तो धावत आला आणि फळीवरून तसाच वाळूतून चालत पुढे गेला, उडी न मारता. आघाडी होतीच, गरज नव्हती, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

संध्याकाळी घडल्या प्रकाराचा अहवाल लिहायचा होता. मी लिहिलं की मान्यवरांच्या अनवधानामुळे खूण नष्ट झाली. बावीस वर्षांचं पंचाचं काम आणि एकतीस वर्षांची सरकारी नोकरी, त्यातली नोकरी कामाला आली. त्या अहवालात नारळ नव्हता.

घरी आल्यावर पिशवीतून पाण्याची बाटली काढायला गेले तर हातात नारळ आला. गडबडीत तो साहेबांना द्यायचाच राहिला होता आणि कोणीतरी माझ्या पिशवीत कोंबला होता.

"अरे वा, आपल्याकडेच आला का?" श्यामकांत म्हणाला. "राहू दे. उद्या लागेल."

"उद्या काय आहे?"

"सुधन्वाचा सत्कार. सोसायटीच्या हॉलमध्ये, पाच वाजता. साहेब येणार आहेत. आणि तुझाही करायचं ठरलंय. निष्पक्ष पंच म्हणून."



"त्या मुलाची उडी तुम्ही तुडवलीत," मी म्हणाले.

"मुद्दाम का? दुसरा चान्स दिला ना त्याला? रूलप्रमाणे झालं ना सगळं?"

"झालं."

"मग बास. उगाच काय! आणि समजा गेली असती त्याची पुढे, तर आपल्या मुलाचं गोल्ड गेलं असतं. ते चाललं असतं तुला?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी त्याला सुनवणार होते. पण सुनवायला तोंड हवं. मी नारळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. शेंडीत वाळूचे कण अडकले होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि त्याचं खापर मी हवेवर फोडलं.

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते. पण स्वरूपा दोनदा बोलवायला आली, तिच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता, आणि त्या बाईचा काय दोष? मी साडी नेसले. हॉलबाहेर चपलांचा ढीग पडला होता. तिथेच सुधन्वा भिंतीला टेकून फोन बघत उभा होता, गळ्यात मेडल घालून. आत त्याच्याच नावाचा उदोउदो चालला होता.

"काकू, एक मिनिट," तो म्हणाला. "एक विचारू?"

"विचार."

"त्याची ती उडी माझ्या पुढे होती ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय. मी बेंचवर होतो, बिल्कुल समोर. पट्टीच्या पुढे टाच होती त्याची. क्लिअर."

"मग बोलला का नाहीस?" माझा आवाज चढला. खरं सांगते, मला क्षणभर बरं वाटलं. किळस करायला दुसरं कोणीतरी मिळालं होतं. "एवढा मोठा खेळाडू म्हणवतोस आणि तोंड उघडता येत नाही?"

तो गोंधळला.

"तुम्ही म्हणालात ना पाहिलं नाही. तुम्ही पंच आहात, काकू. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी म्हणताय." तो खाली बघायला लागला. "मला झेपलं नाही यार. लास्ट जंप मारलीच नाही मी. पण मग सगळे खूश होते, मम्मी रडत होती. मी म्हटलं, काकूंनी एवढं केलंय तर आता चुप रहो. मी तुम्हाला थँक्यू म्हणायला आलो होतो खरं तर."

थँक्यू. मी त्या मुलासाठी काही केलं नव्हतं. त्याच्यासाठी खोटं बोलले असते तर निदान कोणावर तरी माया होती असं म्हणता आलं असतं. मी खोटं बोलले ते हातात नारळ होता हे कळू नये म्हणून. आणि त्या खोट्याखाली हा एकवीस वर्षांचा पोरगा निवाऱ्याला येऊन उभा राहिला होता.

"मी तुझ्यासाठी नव्हते म्हणाले," मी सांगितलं. "मी स्वतःसाठी म्हणाले. मी पाहिली होती. चार बोटं पुढे होती."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. आझमतचा मेसेज होता. त्यांचा संघ विद्यापीठाच्या वसतिगृहातून निघून पहाडगंजच्या एका हॉटेलात आला होता, रात्रीच्या विमानाची वाट बघत. इंग्रजी त्याच्या बोलण्यासारखीच मोडकी होती. ब्रदर, मॅडमना विचार. पट्टीच्या आधी की पुढे? मेडल तुझंच राहू दे. मला फक्त कळायला हवं.

असा मेसेज त्याने कालपासून तीनदा पाठवला होता.

मी सुधन्वाचा फोन घेतला आणि लिहिलं. अक्षरं चुकत होती. मी मॅडम. पुढे होती. सात-आठ सेंटिमीटर. मी नीट पाहिली. सळई रोवली नाही, कारण माझ्या हातात नारळ होता. मी खोटं बोलले. माफ कर. पाठवायचं बटण मी स्वतः दाबलं आणि फोन परत दिला.

आतून नावं पुकारली गेली. आम्ही दोघं आत गेलो.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत साहेब, तेच काळे बूट, आता पुसून लख्ख. विश्वनाथरावांनी सुधन्वाला शाल घातली, जागेच्या फाईलचा दोनदा उल्लेख केला, मराठी माणूस दिल्लीचं तख्त राखतो असं काहीतरी म्हणाले आणि मग माझं नाव घेतलं. मी माईकजवळ गेले. 

"मी निष्पक्ष नाही," मी म्हणाले. "काल त्या मुलाची शेवटची उडी सुधन्वाच्या पुढे होती. मी ती पाहिली होती. सळई रोवायच्या वेळी मी सत्काराचा नारळ धरून उभी होते, आणि ती खूण तुमच्यापैकी काही जणांच्या बुटांखाली गेली. रेफरींनी विचारलं तेव्हा मी पाहिलं नाही असं सांगितलं. ते खोटं होतं. मी उद्या तसं त्यांना लिहून देणार आहे. सत्कार करू नका."

मला वाटलं, चला, झालं एकदाचं. आता ओरडतील, शिव्या देतील. मी त्याला तयार होते. खरं तर मला तेच हवं होतं. श्यामकांतने डोळे मिटून घेतले होते. स्वरूपाचा हात तोंडावर गेला होता.

विश्वनाथरावांनी माईक हळूच स्वतःकडे वळवला.

"मंडळी, बघा," ते गहिवरून म्हणाले. "आपलीच चूक शोधत राहणारी माणसं आता उरली कुठे? किती हा विनय! यालाच म्हणतात मराठी बाणा."

आणि टाळ्या पडल्या. आधी तुरळक, मग साहेबांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी, मग जोरात. मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली. कबुलीसुद्धा त्यांनी हार घालून घरात घेतली होती. आता ती त्यांच्या मालकीची झाली.

"वहिनी, घ्या," कोणीतरी म्हणालं. खांद्यावर शाल पडली. पाठोपाठ नारळ पुढे आला आणि माझे दोन्ही हात पुढे गेले. हातांना मी सांगितलं नव्हतं. खाली पाहिलं तर शेंडीत वाळू अडकलेली. तोच नारळ. श्यामकांतने ओट्यावरून उचलून आणला होता. मंडळाचे पैसे वाचवायला.

सुधन्वा माझ्या शेजारी उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. त्याच्या हातातला फोन थरथरला. त्याने वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला, कारण मला हात नव्हते.

थँक यू, मॅडम. आता मी शांत झोपेन. एक प्रश्न आहे. नारळ खाली का नाही ठेवला?

"मॅडम, इधर देखिए," फोटोवाला म्हणाला. "थोडा पीछे."

मी नारळ छातीशी धरून मागे सरकले.